उजवीकडचा रकाना

वहिनींचा मेसेज आला तेव्हा मी आयसीयूत राउंडवर होते. लॅबच्या रिपोर्टचे दोन फोटो आणि खाली एक ओळ: "ताई, सगळं नॉर्मल! रविवारी डोहाळजेवण करतोय, तुम्ही सकाळपासूनच या."

वहिनी माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. पण लग्न होऊन इंदूरच्या लोकमान्य नगरात आल्या त्या दिवसापासून मला ताईच म्हणतात, आणि त्यांच्या घरातला कुठलाही रिपोर्ट आधी माझ्या फोनवर येतो, मग त्यांच्या डॉक्टरांकडे जातो. हा रिपोर्ट सुनेचा होता. भाचेसून माझी, सातवा महिना चालू. हिमोग्लोबिन 13.4, आणि त्या आकड्याखाली वहिनींनी लाल पेनाने रेघ मारली होती. मारणारच. चार महिने शेवग्याचा पाला, खजूर, अळीव, सगळं स्वतः उभं राहून खाऊ घातलं होतं.

माझी नजर मात्र चार ओळी खाली अडकली. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं गाळून टाकतात तो कचरा, 1.0. उजवीकडच्या नॉर्मलच्या रकान्यात छापलेलं, 0.6 ते 1.2. शेजारी तारांकन नाही, जाड अक्षर नाही. मशीनच्या मते मूत्रपिंडं झकास.

मी तिथूनच फोन लावला.

"वहिनी, तिसऱ्या महिन्यातला रिपोर्ट सापडेल का?"

"फायलीतच आहे की. थांबा... हिमोग्लोबिन अकरा पॉइंट दोन होतं हो तेव्हा. बघा, केवढं वाढलं!"

"आणि क्रिएटिनिन?"

"ते... शून्य पॉइंट पाच. का हो?"

"तिला द्या जरा फोन."

तिला विचारलं, डोकं दुखतं का. "थोडंसं, आत्या. बँकेत ऑडिट चालू आहे ना, त्याने असेल." अंगठी? "काढून ठेवली, रुतायला लागली होती." बीपी? "गेल्या वेळी एकशे अडतीस-अठ्ठ्याऐंशी. काठावर आहे म्हणाले, मीठ कमी करा."

मी म्हटलं, आत्ता रिक्षा करा आणि तुमच्या डॉक्टरांकडे जा, मी त्यांना फोन करते. पलीकडे वहिनींनी फोन परत घेतलेला असणार, कारण एक मोठा श्वास ऐकू आला आणि मग, "पण ताई, नॉर्मल आहे ना सगळं?"

त्या एका प्रश्नापायी हे लिहायला बसले आहे. फोनवर पाच मिनिटांत सांगता आलं नाही ते सगळं इथे.

रिपोर्टात उजवीकडे जो रकाना असतो, तो कोणाचा? रिसेप्शनवरचा मुलगा नाव, वय, स्त्री की पुरुष एवढं टाइप करतो. सातवा महिना आहे हे टाकायला बऱ्याच ठिकाणी जागाच नसते. मग मशीन पोटुशी बाईला सत्तावीस वर्षांच्या, दिवस न गेलेल्या बाईच्या रकान्यात बसवून मोकळं होतं. आणि दिवस गेलेलं शरीर तर त्या रकान्यातून तिसऱ्या महिन्यातच बाहेर पडलेलं असतं. मूत्रपिंडातून गाळलं जाणारं रक्त निम्म्याने वाढतं, म्हणून क्रिएटिनिन खाली येतं, 0.4 ते 0.8 च्या आत. रक्तातलं पाणी चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, तांबड्या पेशी त्या मानाने कमी वाढतात, म्हणून हिमोग्लोबिन पातळ होऊन उतरतं. ते थोडं उतरणं चांगलं. गरोदरपणात 11 च्या खाली गेलं तरच आपण त्याला अशक्तपणा म्हणतो. त्यामुळे सातव्या महिन्यात ते आपोआप 11 वरून 13 वर चढलं, तर शेवग्याला श्रेय देण्याआधी विचारायला हवं की अंगातलं पाणी गेलं कुठे. गरोदरपणातल्या बीपीच्या आजारात (प्रीएक्लॅम्प्सिया) ते रक्तवाहिन्यांतून झिरपून बोटांत, घोट्यांत, पापण्यांत जातं. अंगठी रुतते ती त्यामुळेच.

हे मला पुस्तकातून ठाऊक होतं असं म्हणायला आवडेल. पुस्तकात वाचलं होतं, एवढं खरं. कळलं 2001 च्या डिसेंबरात.

तेव्हा मी भूलशास्त्राचं एमडी करून नुकतीच एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत लागले होते. रात्रपाळी. धारकडून एक बाई आणली होती, आठवा महिना, निमोनिया. नवरा ट्रॅक्टरचे स्पेअर पार्ट विकणारा, सासू सोबत. सासू एक्स-रे काढू देईना, पोरावर परिणाम होईल म्हणून. त्यात माझा अर्धा तास गेला. (छातीच्या एक्स-रेत पोटातल्या बाळापर्यंत 0.01 मिलिग्रे (किरणांचं माप) सुद्धा पोचत नाही, काळजी करायची ती 50 च्या पुढे. तेव्हा हे आकडे तोंडावर असते तर बरं झालं असतं. आता आहेत, आणि तरी अर्धा तास जातोच.)

रात्री एकला मी तिचा गॅस पाठवला. गॅस म्हणजे मनगटाच्या धमनीतून रक्त काढून त्यातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजायचा. कागद आला: पीएच 7.36, कार्बन डायऑक्साइड 40, बायकार्ब (रक्तातलं आम्ल तोलणारा क्षार) 22. पाठ्यपुस्तकातल्या नॉर्मलची झेरॉक्स जणू. मी बाहेर जाऊन नवऱ्याला सांगितलं, "रिपोर्ट अच्छी है, घबराने की बात नहीं." त्याने हात जोडले. ते जोडलेले हात अजून डोळ्यांपुढे येतात.

परत आले तर आमच्या मोठ्या सिस्टर तिच्या उशाशी उभ्या. पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या, मूळच्या ग्वाल्हेरच्या. त्या मला म्हणाल्या, "डॉक्टर, ही नऊ वाजता मला अख्खं वाक्य बोलली होती. विचारत होती, मेरी बड़ी बेटी ने खाना खाया कि नहीं. आता नुसतं 'बेटी' म्हणते आणि थांबते."

मी कागद दाखवला. सिस्टरांनी तो घेतलासुद्धा नाही. "तो कागद ठीक असेल. तुम्ही तिच्या मानेकडे बघा."

मानेचे दोरीसारखे स्नायू प्रत्येक श्वासाला ताणले जात होते. मोजलं तर मिनिटाला अडतीस श्वास. मी सरांना फोन केला. सर वीस मिनिटांत आले, स्वेटर उलटा घातलेला. कागद पाहिला आणि मला एवढंच म्हणाले, "पोटुशी आहे ना गं ती? मग चाळीस कसा?"

गर्भारपणात प्रोजेस्टेरॉन मेंदूच्या श्वासकेंद्राला सतत टोचणी लावून ठेवतं. बाई मिनिटागणिक चाळीस-पन्नास टक्के जास्त हवा घेते, न धावता. त्यामुळे तिचा कार्बन डायऑक्साइड 28 ते 32 च्या दरम्यान राहतो, आणि रक्तातला आम्ल-क्षाराचा तोल धरायला मूत्रपिंडं बायकार्ब 18 ते 21 वर आणून ठेवतात. यात सोय बाळाची आहे. त्याचा कार्बन डायऑक्साइड वारेतून आईकडे उताराने यायचा, तर आईची पातळी खाली हवी. मग तिशीत राहणारी बाई मिनिटाला अडतीस श्वास घेऊनही चाळीसवर आली, याचा अर्थ ती दमली. तुमच्या-माझ्यात तोच आकडा पन्नासच्या घरात दिसला असता आणि मी पळत सुटले असते. मी मात्र बाहेर जाऊन अभिनंदन करून आले होते.

श्वासनलिकेत नळी टाकायची ठरली. मी साडेसात मिलिमीटरची काढून ठेवली होती. सरांनी ती बाजूला सारून साडेसहाची मागितली. गर्भारपणात घसा सुजतो, नाकातोंडाचं अस्तर जरा लागलं की भळभळतं. घसा मी पहिल्यांदा आतून पाहिला तेव्हा ओळखू येईना. गुलाबी, फुगलेला, स्वरयंत्राची फट कुठे ते शोधावं लागलं. एरवी शंभर टक्के ऑक्सिजन भरून ठेवला की निरोगी माणसाच्या बाबतीत काही मिनिटं हाताशी असतात. इथे गर्भाशयाने छातीखालचा श्वासाचा पडदा वर ढकललेला, फुप्फुसातली शिल्लक हवा पाचव्या हिश्श्याने कमी, ऑक्सिजनचा खर्च वाढलेला, वर निमोनिया. सॅच्युरेशन 97 वरून 81 वर यायला मिनिटसुद्धा लागलं नाही. मॉनिटरचा टिकटिक सूर खाली खाली उतरत जातो तो आवाज मला आजही भाजी फोडणीला टाकताना मध्येच ऐकू येतो. सिस्टर तिच्या गळ्यावर बोटाने कूर्चा दाबून उभ्या होत्या, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ नये म्हणून. बाळंतिणींच्या फुप्फुसात पोटातलं आम्ल गेलं की काय होतं ते मेंडेल्सन नावाच्या डॉक्टरने 1946 साली लिहून ठेवलं, आणि तेव्हापासून भूलवाले प्रत्येक गर्भार बाईचं पोट भरलेलंच धरतात, तिने काल रात्रीपासून पाणीसुद्धा घेतलं नसलं तरी.

नळी गेली. व्हेंटिलेटरवर मी सवयीने चाळीसचा हिशोब लावला, तर सरांनी हात पुढे करून बटण फिरवलं. "तिशीत ठेव. आपल्या नॉर्मलवर नको, तिच्या नॉर्मलवर आण."

अकरा दिवसांनी नळी निघाली, बाळंतपण पुढे धारलाच झालं. मुलगी. मोठ्या बेटीला बहीण. सिस्टर निवृत्त होऊन गेल्या तेव्हा निरोपाच्या भाषणात मी हे सांगणार होते आणि नेमका माझा घसा दाटून आला, मग पोहे-जिलबी आली, राहूनच गेलं.

2004 साली मला स्वतःला दिवस होते. सातव्या महिन्यात एका दुपारी काय डोक्यात आलं कोण जाणे, ज्युनिअरला म्हटलं, माझा गॅस काढ. तो नको नको म्हणत होता. मनगटात सुई जाते तेव्हा किती झोंबतं ते मी हजारांना केलं होतं आणि एकदाही सोसलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. नमुन्यावर मी नाव लिहिलं नाही. दहा मिनिटांनी लॅबचा मुलगा धावत वर आला, "मॅडम, ये कौन सा पेशंट है? बहुत घबराया हुआ है क्या? कार्बन डायऑक्साइड उनतीस है." तोवर मी खुर्चीत बसून गराडूवर, म्हणजे तळलेल्या कंदाच्या फोडींवर, लिंबू पिळत होते. हिवाळा होता, सराफ्यातून नवऱ्याने आणून दिले होते. तो कागद अजून माझ्याकडे आहे. शाई पार उडाली आहे, थर्मल कागद. 29 मात्र वाचता येतं.

श्वासाचं हे असं. रक्तस्रावात हा रकाना जीवच घेतो.

पूर्ण दिवसांच्या बाईच्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा ते पाऊण लिटर रक्त वाहत असतं. बाळंतपणात थोडं जाणारच, म्हणून शरीराने आधीपासून दीड लिटर जास्तीचं साठवलेलं. त्या साठ्याच्या जोरावर बाई लिटर-सव्वा लिटर रक्त जाईपर्यंत बीपी टिकवून धरते, बोलते, पाणी मागते. आणि मग एकदम कोसळते. बीपी एकशे दहा आहे म्हणून निश्चिंत बसणारे मी पुष्कळ पाहिले, त्यांच्यात एके काळी मीही होते. आता मी आधी नाडी बघते. वरचं बीपी आणि नाडी यांची बरोबरी व्हायला लागली, की बीपी कितीही असो, मी रक्तपेढीला फोन लावते.

आणि फायब्रिनोजेन. रक्ताची गाठ धरायला लागणारं प्रथिन. रकान्यात छापलेलं 200 ते 400. नवव्या महिन्यात बाईचं असतं 400 ते 600. रक्तस्राव चालू असताना 205 आलं, तर कागद म्हणतो नॉर्मल. जवळपास निम्मं, कधी त्याहूनही जास्त संपलेलं असतं हो! हे मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते. प्रत्येक बॅचमधला एकजण तरी पहिल्या महिन्यात मला फोनवर सांगतो, "मॅडम, फायब्रिनोजेन नॉर्मल है." ट्रानेक्सामिक अ‍ॅसिडबद्दल मात्र आता सांगावं लागत नाही. 2017 साली वीस हजार बायकांवरची मोठी चाचणी छापून आली, पहिल्या तीन तासांत एक ग्रॅम दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात हे दिसलं, तेव्हापासून झाबुआ, अलीराजपूरहून येणाऱ्या अँब्युलन्समध्येसुद्धा ते आधीच दिलेलं असतं. एवढी साधी, स्वस्त गोष्ट लवकर रुजली.

कुशीखालची उशी मात्र रुजत नाही. पाचव्या महिन्यापुढची बाई उताणी झोपली की गर्भाशयाचं ओझं मागच्या मोठ्या शिरेवर पडतं, हृदयाकडे रक्त परतत नाही, बीपी पडतं. एकदा खरगोनकडून आलेली बाई स्ट्रेचरवर सपाट उताणी, दोन्ही हातांत सलाइन, बीपी सत्तर. सोबतचा डॉक्टर घामाघूम, तिसरी बाटली जोडायच्या बेतात. मी तिच्या नवऱ्याच्या खांद्यावरची चादर ओढली, गुंडाळली आणि तिच्या उजव्या कुशीखाली सारली. दोन मिनिटांत शंभर. त्या डॉक्टरच्या चेहऱ्यावर जे भाव होते ते जादूचे प्रयोग बघणाऱ्या पोराचे. आणि ती आधी चढवलेली सलाइनं? ती रात्री फुप्फुसात उतरली. गर्भारपणात रक्तातलं अल्ब्युमिन पातळ असतं, पाणी धरून ठेवायची ताकद कमी, त्यात बीपीचा आजार असेल तर विचारूच नका. कोरडी ठेवलेली गर्भार बाई सावरता येते, बुडवलेली सावरताना रात्र जाते.

हृदय थांबलंच, तर मात्र चादर नाही. कुशीवर कललेल्या बाईच्या छातीवर दाब नीट बसत नाही. तिला सपाटच ठेवायचं आणि एकाने दोन्ही हातांनी पोट डावीकडे ओढून धरायचं. चार मिनिटांत हृदय सुरू झालं नाही, तर जिथे असेल तिथे, त्याच पलंगावर, बाळ बाहेर काढायचं. बाळासाठी नव्हे, आधी आईसाठी. ओझं उतरलं की तिचं हृदय चालू व्हायची शक्यता वाढते. आम्ही दर तीन महिन्यांनी बाहुलीवर याचा सराव करतो. दर वेळी कोणीतरी ट्रॉली ओढायला धावतो, ऑपरेशन थिएटरकडे. मी स्टॉपवॉच दाखवते. लिफ्टपाशीच चार मिनिटं संपतात.

तर, भाचेसून.

त्या दिवशी संध्याकाळी तिचं बीपी निघालं 164/112. लघवीत प्रथिनं. प्लेटलेट एक लाख दहा हजार. तिच्या डॉक्टरांनी वेळ घालवला नाही, गोळी, इंजेक्शन आणि तडक एचडीयू, म्हणजे आयसीयूच्या एक पायरी खालचा कक्ष. मी तिथे नातेवाईक म्हणून गेले, आणि नातेवाईक म्हणून बाहेरच्या बाकावर बसणं मला जमत नाही हे सगळ्या शिफ्टला कळलं. मॅग्नेशियम सुरू झालं. शिरेतून चार ग्रॅम, मग दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅमची जाडजूड इंजेक्शनं. ती ओरडली तेव्हा वहिनी दाराबाहेर ओढणीत तोंड खुपसून उभ्या. फिट येऊ नये म्हणून हे औषध, आणि ते उतरतं मूत्रपिंडातून, म्हणजे दमलेल्या मूत्रपिंडांतूनच. म्हणून दर तासाला लघवीचं माप, श्वासांची मोजणी आणि गुडघ्यावर हातोडी. पाय उडाला की ठीक. उडेनासा झाला की औषध थांबवायचं, कॅल्शियम तयार ठेवायचं. रात्री दोनला नर्सने हातोडी मारली, पाय उडाला, आणि भाचेसून डोळे मिटूनच म्हणाली, "आत्या, मला कळतंय तुम्ही पडद्यामागे उभ्या आहात."

बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइड दिलं, नऊ दिवस कसेबसे ताणले. मग क्रिएटिनिन 1.3, प्लेटलेट ऐंशी हजार, आणि सिझर. मुलगा, एक किलो सहाशे साठ ग्रॅम. सगळे बाळामागे नर्सरीकडे गेले. मी आईपाशी थांबले. वार पडली की गर्भाशय आवळून त्यातलं अर्धा लिटर रक्त एकदम परत अंगात सोडतं, हृदयाचं काम बाळंतपणानंतरच्या त्या पहिल्या तासातच सगळ्यात जास्त असतं, आणि बीपीवाल्या बाईला पाणी फुप्फुसात येण्याचा धोका पुढचे दोन-तीन दिवस राहतो. पेढे वाटायची वेळ आणि पहाऱ्याची वेळ एकच. सलाइनचा दर मी दोनदा मोजला. तिसऱ्यांदा मोजायला गेले तेव्हा नर्सने माझ्या हातात चहा दिला आणि खांद्याला धरून बाकावर बसवलं. बरोबर केलं तिने.

परवा वहिनींचा मेसेज आला. सहा आठवड्यांनंतरचा रिपोर्ट. हिमोग्लोबिन 10.8, क्रिएटिनिन 0.7. या वेळी लाल रेघ नव्हती. खाली लिहिलं होतं, "ताई, हे चांगलं की वाईट ते तुम्हीच सांगा. आणि डोहाळजेवणाची हिरवी साडी तशीच आहे, बारशाला नेसवली तर चालेल का?"

क्रिएटिनिन उत्तम, हिमोग्लोबिनसाठी लोहाची गोळी चालू ठेवा, असं कळवलं. साडीचं मला विचारू नका म्हटलं, त्यातलं त्यांना जास्त कळतं.